पहिलं मिक्स कोणाला ऐकवावं: मित्र, अनोळखी जाणकार की इंजिनिअर?

घरी लॅपटॉपवर मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज जुळवून एक गाणं करणं, शिकणारी बरीच मुलं आता पुण्यात आहेत. सॉफ्टवेअर आणि व्हिडिओ त्यांना सहज मिळतात. अडतं ते पुढे. गाणं बरं झालंय की नाही हे सांगणार कोण? एफटीआयआय या इथल्या सिनेमा-टीव्हीच्या संस्थेचा ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आणि सिनेमा-टीव्हीसाठीचा, त्यामुळे या आठवड्यातल्या गाण्याला त्याचा उपयोग नाही. उरतात मित्र, इंटरनेटवरचे जाणकार आणि पैसे देऊन स्टुडिओतल्या साउंड इंजिनिअरसोबत बसणं. माझं मत आधीच सांगतो: पैसे खर्च करायचेच असतील तर नवीन प्लगिन (मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं जास्तीचं साधन) घेऊ नका, त्या बैठकीवर करा.

मित्र फुकट आणि हाकेच्या अंतरावर. पण तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ते "भारी झालंय" म्हणून मोकळे होतात. त्यांना मत विचारूच नका. गाणं एकदाच ऐकवा आणि कडव्याचे शब्द सांगायला लावा. जिथे अडखळतील तिथे गायकाचा आवाज बुडालाय. बँडमधल्या मित्राला शब्द पाठ असतात, म्हणून ही परीक्षा आईकडून घेतलेली जास्त खरी. तेच गाणं मोबाईलच्या स्पीकरवरही लावा. त्याला खालचे सूर पेलत नाहीत, त्यामुळे डग्गा पूर्ण गायब होतोय का ते लगेच समजतं.

अनोळखी जाणकार भीड ठेवत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. मात्र प्रत्येकाची खोली वेगळी, हेडफोन वेगळे. एक म्हणतो बास वाढव, दुसरा म्हणतो कमी कर. हार्मोनियम आणि तबला कधी मिक्स न केलेला माणूस तबल्याच्या चाटीची धार बोचते म्हणून ती कापायला सांगेल, आणि तबला मेला की गाणंही मेलं. तिघांनी वेगवेगळं तेच सांगितलं तर ऐका, नाहीतर सोडून द्या. "आवाज लहान आहे" या शेऱ्यावर लिमिटर (आवाजाची उंच टोकं चेपून गाणं मोठं करणारं साधन) दाबत सुटू नका. स्पॉटिफाय मूळ सेटिंगमध्ये गाणी साधारण -१४ एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) पातळीवर आणून वाजवतं, त्यामुळे चेपून मोठं केलेलं गाणं तिथे पुन्हा खालीच येतं.

इंजिनिअरकडे काय वेगळं मिळतं ते एका भावगीतावरून सांगतो. गायक, हार्मोनियम, तबला, बास गिटार. गायक पुढे येत नाही म्हणून शिकाऊ मुलगा त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) वर करतो. मग तबला मागे पडतो, तोही वर. शेवटी मास्टर, म्हणजे सगळ्यांचा मिळून आवाज दाखवणारा मीटर, लाल. जाणता माणूस गायकाला हातच लावत नाही. तो हार्मोनियमचा २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे वरच्या पट्ट्यातला, आवाज दोन-तीन डेसिबल उतरवतो, कारण शब्दांची स्पष्टता तिथेच असते, आपला कानही तिथे सगळ्यात तिखट असतो आणि हार्मोनियम नेमकी तीच जागा अडवून बसलेली असते. खालच्या सुरांत बास गिटार थोडी कापून डग्ग्याला वाट देतो. लगेच गायक समोर येऊन उभा राहतो. कोणता नॉब, किती आणि का, हे शेजारी बसून बघितलं की कानात बसतं. लिहून आलेल्या शेऱ्यातून ते येत नाही.

भक्तिगीतं, जाहिराती, नाटकांचं संगीत करणाऱ्या एखाद्या छोट्या स्टुडिओत फोन करून स्पष्ट विचारा: "मिक्स करून नको, माझं मिक्स तपासून द्याल का?" नुसती तयार फाइल नेऊ नका, सगळे ट्रॅक (गायक आणि प्रत्येक वाद्याचं वेगळं रेकॉर्डिंग) नावं घालून न्या, आणि माउस तुमच्या हातात राहील असं आधीच ठरवा. ते करून देत असतील आणि तुम्ही बघत असाल तर निम्मे पैसे वाया.

अजून दोन-चार गाणीही पूर्ण झाली नसतील तर तिकडे जायची घाई नको. केंब्रिज म्युझिक टेक्नॉलॉजीच्या संग्रहात सरावासाठी सुटे ट्रॅक फुकट मिळतात. ते मिक्स करा आणि त्याच धाटणीच्या एखाद्या प्रकाशित गाण्याशी ताडून बघा. ताडताना त्या गाण्याचा आवाज आपल्या मिक्सइतका खाली आणा, कारण जे मोठं वाजतं ते कानाला उगाच चांगलं वाटतं. असं करूनही तीच चूक गाण्यामागून गाण्यात दिसायला लागली आणि कारण सापडेना, की स्टुडिओला फोन लावा.