सोसायटीच्या पाल्याचं खत करणारी गार्डनिंग सर्व्हिस, दहा महिन्यांचा अनुभव

आमची सोसायटी पुण्यात कोथरूडमधली, ४८ फ्लॅट, तीसेक वर्षं जुनी. आवारात दोन आंबे, गेटपाशी रेनट्री, मागे बदाम आणि गुलमोहर. सावली भरपूर, पण डिसेंबरपासून बदामाची लाल पानं पडायला लागतात ती एप्रिलपर्यंत काही ना काही गळतच असतं आणि भर सीझनला रोज चार-पाच पोती पाला निघतो. कचऱ्याला येणाऱ्या ताई ओला-सुका नेतात, पण त्यांच्या ढकलगाडीत ही पोती कुठे मावणार? मग पहाटे कोणीतरी मागच्या भिंतीपाशी ढीग करून काडी लावायचं. आईला दमा आहे, आमचं घर मागच्या बाजूला पहिल्या मजल्यावर, आणि थंडीत धूर वर जातच नाही, खालीच साचून राहतो. गेल्या डिसेंबरमध्ये एका सकाळी तिला नेब्युलायझर लावून दिला आणि तशीच खाली गेले, तो ढीग बादलीने विझवला आणि त्याच आठवड्यात मीटिंग बोलवायला लावली.

पाला जाळणं बेकायदा आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. २०१६ च्या घनकचरा नियमांत बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवायचा, कचरा रस्त्यावर किंवा उघड्या सार्वजनिक जागी जाळायचा नाही असं लिहिलं होतं आणि त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने, उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड असा आदेश दिलाय. हे वाचून दाखवल्यावर एका काकांनी विचारलं, मग टाकायचा कुठे? प्रश्न रास्तच होता. आपल्या शहराचा कचरा इतकी वर्षं उरुळी-फुरसुंगीच्या कचरा डेपोत, तिथल्या लोकांच्या उशाशी नेऊन टाकला, त्यात आपल्या आंब्याची पानंही घालायची हे काही मला पटत नव्हतं.

समोरच्या बंगल्यात एक गार्डनिंगवाले यायचे, छोटी लोकल सर्व्हिस, खडकवासल्याच्या पुढे त्यांची नर्सरी आहे. त्यांच्याशी बोलून जानेवारीत काम सुरू केलं. माळीकामाचे पैसे वेगळे, पाल्याचे महिन्याला १,५०० जास्त, आणि तीन जाळीच्या पिंजऱ्यांचा खर्च एकदाच. पिंजरा म्हणजे लोखंडी जाळीचा गोल, चार फूट रुंद आणि साधारण तेवढाच उंच, खाली फरशी नाही, थेट मातीवर. तळाला काटक्या, मग पाला, मध्ये मध्ये लॉनचं कापलेलं गवत, आणि दर थराला शेणकाला. नुसता सुका पाला असेल तर वर्ष वर्ष तसाच राहतो कारण त्यात कर्ब जास्त आणि नत्र कमी, म्हणून गवत, शेण असं काहीतरी ओलं-हिरवं लागतंच. माळीदादांची ओलावा बघायची पद्धत मला फार आवडली. मूठभर पाला घट्ट पिळायचा, बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला की बरोबर, धार लागली तर जास्त, काहीच नाही आलं तर पाणी मारायचं.

फेब्रुवारीत एका सकाळी ढीग वरखाली करताना त्यांनी मला हात घालायला सांगितला. कोपरापर्यंत घातला आणि झटकन बाहेर काढला, इतकं गरम होतं, वाफ निघत होती. जंतूंचं काम नीट चाललं की आतलं तापमान साठच्या आसपास जातं, तणाचं बी त्यातच मरतं. न जाळता पाला इतका तापतो हे मला पहिल्यांदाच कळलं.

आता तक्रार. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला आणि यांचं यायचं बंद, सलग दोन आठवडे कोणी नाही, फोनवर नुसतं उद्या येतो. पिंजऱ्यांवर झाकण नव्हतं. तिसरा पिंजरा कुजून नालीसारखा वास मारायला लागला, चिलटं खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात जायला लागली आणि ग्रुपवर जे काही ऐकायला लागलं ते फक्त मलाच माहीत. शेवटी त्यांचे सुपरवायझर आले, ढीग उपसला तर आत बदामाची अख्खी पानं एकावर एक चिकटून काळ्या बुळबुळीत चवडी झालेल्या, पापड ओले होऊन चिकटतात ना तशा. हवा आत जायला जागाच नव्हती. चूक त्यांनी तिथल्या तिथे मान्य केली, बदाम आणि आंब्याचा पाला आधी श्रेडरमधून, म्हणजे चुरा करणाऱ्या मशीनमधून, काढायला हवा होता तो घाईत तसाच भरला होता. मग सगळं बाहेर पसरलं, राखून ठेवलेला कोरडा चुरा मिसळला, मधोमध भोकं पाडलेला पाइप उभा केला आणि वर तिरकी ताडपत्री, बाजूने वारा खेळेल अशी. आठ-दहा दिवसांत वास गेला. त्या महिन्याचे पाल्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. पण पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच करायला हवी होती आणि तसं मी त्यांना लेखी कळवलंय.

श्रेडरचा आवाज मोठा आहे, अकरानंतरच लावायचा हे आधीच ठरवून घ्या. नारळाच्या झावळ्या त्यात चालत नाहीत, धागे पात्याला गुंडाळतात. जाड फांद्या ते नर्सरीवर नेतात, मी एकदा रविवारी मुद्दाम जाऊन बघून आले, खरंच भुगा करून रोपांच्या वाफ्यांवर पसरलेला होता. अजून एक गोष्ट सांगायलाच हवी. गच्चीवर येणारी रेनट्रीची मोठी फांदी आम्ही तोडायला सांगितली तर महापालिकेची परवानगी आणा म्हणाले, त्याशिवाय हात लावणार नाही. १९७५ चा वृक्ष कायदा आहेच, पण पैसे मिळत असताना नाही म्हणणारा माणूस दिसला की भरवसा वाटतो.

पहिलं खत जुलैच्या शेवटी चाळलं. साधारण साठ पोती पाल्यातून सात पोती खत, काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाचा वास. गुलमोहर आणि रेनट्रीची बारीक पानं पूर्ण गेली होती, आंब्याच्या शिरा तेवढ्या चाळणीवर राहिल्या, त्या परत पिंजऱ्यात टाकल्या. त्यात जाड पांढऱ्या अळ्या निघाल्या आणि मुळं खाणारी हुमणी लागली म्हणून बायका घाबरल्या. माळीदादांनी एक अळी फरशीवर ठेवली तर ती पाठीवर उलटी सरपटत गेली. अशी पाठीवर चालणारी अळी कुजलेलंच खाते, मुळांना हात लावत नाही. सगळ्या परत ढिगात सोडल्या.

गणपतीत निर्माल्यासाठी वेगळं पिंप ठेवलं नाही, थेट पिंजऱ्याशेजारी टोपली ठेवली. दूर्वा, पत्री, झेंडू, सगळं त्यात, फक्त हारांचे दोरे आणि जरीच्या पट्ट्या काढायचं काम मी आणि दोन शाळकरी मुली मिळून रोज संध्याकाळी करायचो. दहा दिवसांत एक अख्खा पिंजरा भरला. त्या मुलींना आता कोणतं पान किती दिवसांत कुजतं ते माझ्यापेक्षा जास्त कळतं.

उन्हाळ्याचं आधी सांगायला हवं होतं, राहिलंच. मार्चपासून झाडांच्या बुडाशी सुक्या पाल्याचा चार बोटं जाड थर दिला होता, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये रोजचं पाणी तीन दिवसांआड आलं. टँकर मागवणाऱ्या सोसायट्यांनी निदान एवढं तरी करून बघा, याला मशीनही लागत नाही आणि पैसेही नाहीत.

सर्व्हिस चालू ठेवलीये, पुढच्या वर्षाचं ठरवताना दोन अटी घातल्यात, पावसाआधी झाकणं आणि येणार नसतील तर एक दिवस आधी फोन. चौथा पिंजरा मागच्या भिंतीपाशी लावायला सांगितलाय, जिथे आग लागायची तिथेच. भिंत अजून काळी आहे, दिवाळीनंतर रंगवून घेणार आहोत.