अंदमानला ‘हाफ डे कोस्टल ड्राईव्ह’ घेताय? आधी हे वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची लई माणसं दिवाळीनंतर अंदमानला जातात, सेल्युलर जेल एकदा तरी बघायचं असतंयच, म्हणून मुद्दाम लिहितेय. आम्ही इथल्याच एका एजंटकडनं पॅकेज घेतलं, त्यात पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, ही ड्राईव्ह वेगळी लावलेली, माणशी 1,800 रुपये. मराठी बोलणारा गाईड, कॉर्बिन्स कोव्ह बीच, मग किनाऱ्या-किनाऱ्यानं चिडिया टापू आणि तिथला सूर्यास्त. व्हॉट्सअ‍ॅपवर झकास फोटो पण आले. ते राधानगर बीचचे निघाले, आणि तो बीच हॅवलॉकवर, दुसऱ्याच बेटावर, तिथं बोटीनं जावं लागतंय, गाडीतनं कसा दाखवणार होते?

दोनची गाडी साडेतीनला आली. ड्रायव्हर एकटाच, गाईडचा पत्ता नाही, आणि नंबरप्लेट पांढरी, म्हणजे भाड्यानं चालवायचं परमिटच नाही, वाटेत काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करायला मोकळे. कॉर्बिन्स कोव्हला जेमतेम उतरलो आणि तिथनं थेट मोत्यांच्या दुकानात. तिथला पोरगा आईच्या गळ्यात एकेक माळ घालून आरसा धरतोय, ती नको नको म्हणतेय, ड्रायव्हर बाहेर मोबाईलवर, आणि चला म्हटलं की ‘बस पाँच मिनिट’.

आता मेख कुठं आहे बघा. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे खरं घड्याळ सगळीकडं एकच, त्यामुळं डिसेंबरात तिथं सूर्य पाचच्या आसपास बुडतो. बेळगावात सहा वाजेपर्यंत ऊन असतंय, त्यामुळं साडेतीन म्हटलं तर इथल्या माणसाला उशीर वाटतच नाही, आणि ह्या लोकांना हे पक्कं ठाऊक असतंय. चिडिया टापू शहरापासून साधारण 25 किलोमीटर. आम्ही पोचलो तेव्हा मिट्ट काळोख. आई त्या सूर्यास्तासाठी किती दिवस बोलत होती, ती गाडीतनं उतरलीच नाही. मला अजून त्याचा राग येतोय.

एजंटला फोन लावला तर म्हणतोय, ‘मॅडम, चिडिया टापूला नेलं की नाही?’ पैसे परत मागितले, नंबर ब्लॉक.

म्हणून निघायची वेळ व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, थंडीत दोनच्या आत शहर सोडायलाच पाहिजे. गाडीचा नंबर आदल्या दिवशी मागा, पिवळी प्लेट नसेल तर बसू नका, दुकानात थांबायचं नाही हे पण लिहूनच घ्या, आणि सगळे पैसे आधी तर अजिबात देऊ नका.

फसलाच तर 1915 ह्या ग्राहक हेल्पलाईनला फोन करा. तिथं नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, 2019 च्या कायद्यानं आपण राहतो तिथंच केस घालता येते, पोर्ट ब्लेअरला खेटे घालायला नकोत, 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत 2 वर्षं. मी पावती, चॅट, ते राधानगरचे फोटो सगळं जोडून तक्रार घातलीय. आपल्या भागात अजून कुणाला असंच गंडवलं असेल तर चॅट डिलीट करू नका आणि मला कळवा, मिळून पुढं जाऊ.