लाइव्हजर्नलवर प्रोफाइलची लिंक: तयार टॅग की स्वतःचं आयकॉन?

लाइव्हजर्नल ही ब्लॉग लिहिण्याची साइट १९९९ पासून आहे. तिथे 'एलजे यूजर' टॅगमध्ये (टॅग म्हणजे नोंदीत लिहायची छोटी कोड-खूण) सदस्याचं नाव लिहिलं की त्याच्या प्रोफाइलची लिंक तयार. डोक्याचं चिमुकलं चित्र प्रोफाइलवर नेतं, ठळक नाव थेट जर्नलवर, म्हणजे त्याच्या ब्लॉगवर. समूह असेल तर चित्र आपोआप बदलतं, खातं बंद झालं असेल तर नावावर काट येते. पण टॅग लिहिणाऱ्याला चित्र निवडता येत नाही.

आपल्या आवडीचं चित्र हवं तर एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचा कोड, हाताने लिहावं लागतं: लिंक देणाऱ्या अँकर टॅगच्या पोटात चित्र दाखवणारा इमेज टॅग. उंची १७ पिक्सेलच्या आसपास ठेवा, नाहीतर ओळ वर-खाली उचकते. ऑल्ट मजकुरात, म्हणजे चित्राऐवजी दिसणाऱ्या शब्दांत, सदस्याचं नाव घालाच. चित्र उघडलं नाही किंवा वाचक स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरत असेल, तर तेवढाच आधार असतो. आणखी एक खाचखळगा: नावाच्या मधला अंडरस्कोर (_) जर्नलच्या वेब-पत्त्यात हायफन (-) होतो. तयार टॅग हे स्वतः सांभाळतो, हाताने लिहिताना आपणच बघायचं. चित्र दुसऱ्याच्या सर्व्हरवरून ओढू नये, ते कधीही गायब होतं.

रोजच्या नोंदींत मी तयार टॅगच वापरेन. लाइव्हजर्नलबाहेरच्या पानावर मात्र तो चालत नाही. तिथे, आणि प्रोफाइल सजवताना, हाताने केलेलं आयकॉनच खरं शोभतं.