गलीना की डेकोरा: दोन दिवसांसाठी कोणते गाव?

शिकागोच्या पश्चिम उपनगरांत राहणाऱ्या आणि इतिहास-भूगोलाची आवड असलेल्या आई-वडिलांना घेऊन एखादे जुने, लहान गाव पाहू इच्छिणाऱ्यांसमोर बहुधा दोन नावे येतात: इलिनॉयमधले गलीना आणि आयोवामधले डेकोरा. दोन्ही आपापल्या काउंटीची मुख्य ठिकाणे, आपल्याकडील तालुक्याच्या गावासारखी. गलीनाची वस्ती साडेतीन हजारांच्या आत, तर डेकोराची साडेसात हजारांच्या आसपास आहे. शेवटच्या हिमयुगातील हिमनद्यांनी जो मुलूख सपाट केला नाही, त्याच डोंगराळ पट्ट्यात दोन्ही वसलेली असल्यामुळे दऱ्या-टेकड्यांच्या बाबतीत कुणाचीच निराशा होणार नाही. मी दोन्हीकडे वडिलांसोबत गेलो आहे आणि खाली लिहिले आहे ते त्या दोन फेऱ्यांवरूनच.

गलीनाचा इतिहास अधिक ठसठशीत आहे, हे आधीच मान्य करतो. शिशाच्या खनिजाचे नावच गावाला मिळाले आहे. गोऱ्या खाणवाल्यांच्या आधीपासून मेस्क्वाकी आणि सॉक या मूळ अमेरिकी जमातींचे लोक इथले शिसे काढत होते. 1845 च्या सुमारास अमेरिकेतील बहुतांश शिसे याच परिसरातून येत होते आणि ते मिसिसिपीकडे नेणाऱ्या आगबोटी थेट गावाच्या धक्क्याला लागत असत. पुढे शिसे वितळवण्यासाठी झाडे तुटली, उतारांवरची माती गावातल्या गलीना नदीत आली आणि पात्र गाळाने भरले. 1849 मध्ये अनेक खाणकामगार सोन्यासाठी कॅलिफोर्नियाला निघून गेले, 1850 च्या दशकात रेल्वे आली आणि बंदराचे महत्त्व सरले. गावाचा पैसा आटला, त्यामुळे जुने पाडून नवे बांधण्याची ऐपत उरली नाही. आज मेन स्ट्रीटवर विटांच्या इमारतींची जी अखंड वळणदार रांग दिसते, ती त्या मंदीनेच राखली असे मला वाटते.

माझी अडचण मात्र गावाच्या रचनेतच होती. गलीना उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी वसले आहे: खाली मेन स्ट्रीट, त्यावर बेंच स्ट्रीट, त्याहून वर आणखी रस्ते, आणि त्यांना जोडणारे सरळ उभे जिने. बाजार खाली आहे, पण कोर्टहाऊस आणि जुनी चर्चे वर आहेत. 1860 मध्ये युलिसिस ग्रँट (पुढे यादवी युद्धातले सेनापती आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष) आपल्या वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करण्यासाठी इथे आले, तेव्हा दुकान मेन स्ट्रीटवर आणि त्यांचे भाड्याचे घर वर हाय स्ट्रीटवर होते. म्हणजे हे चढणे-उतरणे त्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग होते आणि ते पायाखाली घेतल्याशिवाय हे गाव नीट कळत नाही. माझ्या वडिलांचे गुडघे दुखतात. पहिल्या जिन्याच्या सातव्या-आठव्या पायरीवर कठड्याला धरून ते थांबले आणि म्हणाले, "तू वर जाऊन ये, मी खाली बसतो." गाडीने वर नेता आले असते, परंतु ऑक्टोबरातल्या शनिवारी एकदा मिळालेली पार्किंगची जागा सोडण्याचे धाडस झाले नाही. मी एकटाच वर गेलो, दरीचे सुंदर दृश्य पाहिले आणि त्यांना सांगण्यासाठी फोटो काढले. ज्यांच्यासाठी मुद्दाम आलो त्यांनी गाव फोटोत पाहावे, ही गोष्ट मला अजूनही लागते.

डेकोराला पाच तास लागतात, गलीनाला तीन. हा फरक थोडा नाही. तिथे गलीनासारखी सलग जुनी बाजारपेठही नाही. हो-चंक या मूळ अमेरिकी लोकांना 1848 मध्ये या प्रदेशातून मिनेसोटात हलवण्यात आले आणि पुढच्याच वर्षी इथे गोऱ्यांची पहिली वस्ती झाली. गावाला नाव मात्र वॉकन डेकोरा या हो-चंक नेत्याचे आणि काउंटीलाही विनेशीक या हो-चंक नेत्याचेच राहिले. नंतर नॉर्वेजियन स्थलांतरित आले. त्यांच्या वेस्टरहाइम संग्रहालयात त्यांनी बोटीतून आणलेल्या लाकडी पेट्या आहेत, फुलावेलींनी रंगवलेल्या, दर्शनी बाजूला मालकाचे नाव आणि साल लिहिलेल्या. वडील त्यांतल्या एका पेटीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि नोकरीसाठी मुंबईला निघताना स्वतःच्या पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने घातलेले नाव त्यांना आठवले.

भूगोलाच्या बाबतीत तर माझ्या मते डेकोरा सरस ठरते. आपण बसाल्टच्या मुलखातले, त्यामुळे चुनखडीच्या प्रदेशात पाणी जमिनीत कसे गडप होते आणि पुन्हा कुठे बाहेर पडते, हे आपल्याला सहसा पाहायला मिळत नाही. इथल्या वरच्या चुनखडीच्या थरांना भूशास्त्रात गलीनाचे नाव आहे आणि त्यांखालच्या शेलच्या, म्हणजे चिकणमातीपासून बनलेल्या खडकाच्या, थराला डेकोराचे. पाणी गलीनाच्या खडकातल्या भेगांतून झिरपते, डेकोरा शेलमधून पुढे जाऊ शकत नाही आणि कड्यातून झरा होऊन बाहेर येते. ज्या दोन गावांत निवड करायची, तीच एकावर एक रचलेली डेकोराच्या कड्यात भेटतात. डनिंग्ज स्प्रिंगचे पाणी असेच कड्यातून निघून दगडांवरून कोसळते, आणि गाडी लावल्यापासून धबधब्याच्या पायथ्यापर्यंतची वाट थोडकी आहे. वडील काठी टेकत स्वतःच्या पायांनी तिथवर आले. शेजारच्या बर्फाच्या गुहेच्या तोंडाशी जूनमध्येही अंगावर काटा आणणारी हवा येत होती. हिवाळ्यात गारठलेल्या खडकावर वसंतात झिरपणारे पाणी गोठते आणि तो बर्फ उन्हाळ्यात बराच काळ टिकतो.

सोबत सगळे धडधाकट असतील, एकच रात्र हाताशी असेल किंवा अमेरिकेच्या यादवी युद्धाचा विशेष अभ्यास असेल, तर गलीनाला जाण्यात काहीच चूक नाही; फक्त शनिवार-रविवार टाळावा आणि गाडी आधी वरच्या रस्त्यावर न्यावी. आई-वडील बरोबर असतील आणि दोन रात्री काढता येत असतील, तर मी डेकोराला जाईन. पुढच्या जूनसाठी आमचे तिथलेच ठरले आहे. वडिलांना ती पेटी आईला दाखवायची आहे.