गोपी टँक मंडई, माहीम: तिसऱ्या आणि शिनाणे

इथे शिंपल्यांसाठी सकाळीच जावं, निवडायला वाव मिळतो. तिसऱ्या (छोटे शिंपले, इंग्रजीत क्लॅम) निवडताना एखादी उघडी दिसली की टिचकी मारा. मिटली तर जिवंत, नाहीतर बाजूला. मिटलेली पण नको इतकी जड असेल तर आत नुसता चिखल. अशी एकच भांड्यात उघडली की अख्खं कालवण कचकचतं. घरी लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम मीठ घालून दोन तास ठेवा. गोड्या पाण्यात त्या मिटून घेतात आणि वाळू आतच राहते. एकशिपी (मांस एकाच शिंपेत ठेवून केलेलं कालवण) करायची असेल तर अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, विळीवर सहज उघडतात.

शिनाणे (इंग्रजीत मसल) दिसले तर सोडू नका. केरळच्या खाड्यांत त्यांची दोरावर शेती होते: बीज, म्हणजे लहान शिनाणे, सुती कापडात गुंडाळून दोराला शिवतात, कापड कुजेपर्यंत शिनाण्यांचे तंतू दोर पकडतात. पावसाचं गोडं पाणी खाडीत भरलं की ते मरतात, म्हणून काढणी मान्सूनआधीच. शिजवण्यापूर्वी हेच तंतू ओढून काढा. सोललेली कालवं (ऑयस्टर) मात्र कुठूनही घ्या, पाणी गढूळ किंवा वास आंबूस असेल तर स्वस्तातही नकोत.