जादूगार घेऊन खेळायचंय? आधी मंत्र कसे शिकवतात ते बघा

जादूगार घेऊन आरपीजी (स्वतःचं पात्र घडवत खेळायचा व्हिडिओ गेम) खेळायचं ठरलं असेल, तर मंत्रांची यादी किती लांब आहे ते शेवटी बघा. आधी बघा, मंत्र शिकताना काय पणाला लागतं. कुठे स्क्रोल (मंत्र लिहिलेली गुंडाळी) जातो, कुठे सोनं जातं, कुठे ऐन लढाईत मॅजिका (मंत्र मारायची शक्ती) वाया जाते. या खेळांमधली धमालही बहुतेक वेळा तिथूनच निघते, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र तोलाव्या लागतात. इथे चार खेळ घेतलेत: बाल्डर्स गेट २ (२०००), मॉरोविंड (२००२), डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २ (२०१७) आणि बाल्डर्स गेट ३ (२०२३). शेवटी पाचवा एक, कणखर लोकांसाठी.

स्क्रोल वहीत उतरवणं: जुनं आणि नवं बाल्डर्स गेट

दोन्हींत कृती एकच. सापडलेल्या स्क्रोलवर राइट-क्लिक करायचं आणि मंत्र जादूगाराच्या वहीत उतरवायचा. फरक निकालात आहे.

बाल्डर्स गेट २ मध्ये कोअर रूल्स या काठिण्य पातळीवर फासा पडतो आणि तो जादूगाराच्या इंटेलिजन्सवर (बुद्धीच्या आकड्यावर) ठरतो. १८ असेल तर यशाची शक्यता ८५ टक्के, १७ ला ७५, १५ ला ६५. फसलं की स्क्रोल गेला. जादूच्या एखाद्या शाखेचा स्पेशालिस्ट (त्याच शाखेत मुरलेला जादूगार) घेतलात तर स्वतःच्या शाखेत १५ टक्के वाढतात, बाकीच्या शाखांत १५ टक्के घटतात आणि विरुद्ध शाखेचे मंत्र उतरवताच येत नाहीत. म्हणजे १८ इंटेलिजन्सच्या स्पेशालिस्टचेही परक्या शाखेतले दहापैकी सरासरी तीन स्क्रोल वाया जाणार.

यावर उपाय आहे. पोशन ऑफ जीनियस हे जादूचं पेय इंटेलिजन्स ४ ने वाढवतं. १८ चे २२ झाले की शक्यता ९८ टक्के, आणि २४ च्या पुढे फसायचा प्रश्नच नाही. म्हणून स्क्रोल मिळाला की लगेच उतरवायची घाई करू नका. सहा-सात जमू द्या, पोशन प्या आणि एका बैठकीत सगळे उतरवून टाका. प्रत्येक यशस्वी मंत्रामागे अनुभवाचे गुणही मिळतात. काठिण्य अगदी सोप्या पातळीवर ठेवलं तर फासा फसतच नाही, पण मग पोशन जपून ठेवण्यातली मजाही जाते.

बाल्डर्स गेट ३ मध्ये फासा नाही, सरळ खर्च आहे: मंत्राच्या प्रत्येक लेव्हलमागे ५० सोन्याची नाणी. तिसऱ्या लेव्हलचा फायरबॉल १५० ला पडतो, आणि दुसऱ्या लेव्हलला इव्होकेशन शाखा निवडली असेल तर ७५ ला. सुरुवातीला वहीत सहा मंत्र असतात, पुढे दर लेव्हलला दोन फुकट मिळतात. नवे लोक इथेच चुकतात: जो मंत्र जवळच्या स्क्रोलवर आहे, तोच लेव्हल वाढताना फुकटात घेऊन बसतात. फुकटातले दोन नेहमी स्क्रोल न सापडलेल्या मंत्रांवर खर्च करा. आणखी एक, ही सोय फक्त विझार्डला (वहीतून शिकणाऱ्या जादूगाराला) आहे. सॉर्सरर (उपजत जादू असलेला) स्क्रोल वाचून एकदा मंत्र मारू शकतो, शिकू शकत नाही.

शिकलेला मंत्र हाताशी येण्यातही मोठा फरक आहे. जुन्या खेळात झोपण्याआधी ठरवावं लागतं की आज मॅजिक मिसाइल दोनदा पाठ करायचा की एकदा. दुसऱ्यांदा लागला आणि पाठ नसेल तर तो मिळत नाही. नव्यात लढाई सुरू नसेल तेव्हा तयार मंत्रांची यादी कधीही बदलता येते, फक्त स्लॉट (किती वेळा मंत्र मारता येतील तो साठा) परत भरायला लाँग रेस्ट, म्हणजे रात्रभराची विश्रांती, लागते. आधी आखणी करण्यात रस असेल तर जुनं घ्या. प्रयोग करत शिकायचं असेल तर नवं, आणि पहिलाच खेळ असेल तर नवंच.

मॉरोविंड: शिकणं सोपं, फेकणं अवघड

इथे गिल्डमध्ये (जादूगारांच्या संघात) पैसे दिले की मंत्र तुमचा. फसतं ते तो मारताना. त्या शाखेतल्या कौशल्याची दुप्पट, विलपॉवरचा (इच्छाशक्तीचा) पाचवा भाग आणि लकचा (नशिबाचा) दहावा भाग यांची बेरीज करायची, त्यातून मंत्राची किंमत वजा करायची आणि आलेल्या आकड्याला थकव्याच्या गुणकाने गुणायचं. दम पूर्ण असेल तर १.२५, पार गळालेला असेल तर ०.७५. उदाहरणार्थ, कौशल्य ३०, विलपॉवर ४०, लक ४० आणि २० किमतीचा मंत्र: बेरीज ७२, वजाबाकीनंतर ५२. दम भरलेला असताना ६५ टक्के, धावून धापा टाकत असाल तर ३९. फसलं तरी मॅजिका जातेच, आणि ती आपोआप भरत नाही, झोपावं लागतं.

'जादूगार कुचकामी निघाला' ही तक्रार बहुधा इथूनच येते: माणूस शत्रूकडे धावत जातो आणि पोचल्या पोचल्या मंत्र मारतो. दोन पावलं आधी थांबा, दम भरू द्या. कौशल्य वाढवायला गिल्डमध्ये एक गुणाचा परिणाम एक सेकंद टिकेल असा स्वस्तातला मंत्र बनवून घ्या आणि तोच सारखा मारा. यशस्वी झालेला प्रत्येक मंत्र मोजला जातो. स्वतःचे मंत्र घडवायची ही मोकळीक या चौघांत फक्त इथेच आहे. तेवढ्यासाठी जुनी ग्राफिक्स खुशाल चालवून घ्यावीत.

डिव्हिनिटी: पुस्तक वाचलं की संपलं

मंत्राचं पुस्तक तुमच्या चमूतल्या एकालाच शिकवतं आणि नाहीसं होतं. चार जणांना तोच मंत्र हवा तर चार पुस्तकं. त्या शाखेत ठरावीक गुण असल्याशिवाय मंत्र शिकता येत नाही, आणि शिकल्यावर तो वापरायला मेमरी स्लॉट (लक्षात ठेवायची जागा) लागतो. मेमरीचा एक गुण म्हणजे एक स्लॉट. दोन शाखांची पुस्तकं जोडून नवं पुस्तक बनतं: हायड्रोसॉफिस्ट (पाण्याची शाखा) आणि नेक्रोमन्सर (मृत्यूची शाखा) मिळून ब्लड रेन. चूक झाली तरी घाबरू नका, सुरुवातीचा फोर्ट जॉयचा भाग सुटल्यावर जहाजावरच्या आरशात सगळे गुण हवे तितक्यांदा फुकट नव्याने वाटता येतात.

हसू कुठे सापडतं

बाल्डर्स गेट २ मध्ये बू नावाच्या हॅमस्टरशी बोलणारा मिन्स्क आहेच, पण खरी धमाल वाइल्ड मेजची, म्हणजे बेभरवशाची जादू करणाऱ्या जादूगाराची. २००१ च्या थ्रोन ऑफ भाल विस्तारात तो आला. त्याचा नाहल्स रेकलेस ड्वेओमर हा पहिल्या लेव्हलचा मंत्र वहीतला कुठलाही मंत्र, पाठ नसला तरी, मारून बघतो. बदल्यात वाइल्ड सर्ज (जादूचा भलताच परिणाम) होतोच: कधी आकाशातून गाय पडते, कधी पार्टीचं सगळं सोनं गायब होतं, कधी फायरबॉल स्वतःच्याच पायाशी फुटतो. आधी सेव्ह करा. आणि या खेळातल्या आथकाटला शहराच्या रस्त्यावर ५,००० नाण्यांचा परवाना नसताना जादू केलीत तर काउल्ड विझार्ड्स (तिथल्या जादूवर पहारा ठेवणारे जादूगार) आधी तंबी देतात, पुढच्या खेपेला थेट हल्ला.

मॉरोविंडमध्ये सेडा नीन गावाबाहेर चालताना किंकाळी ऐकू येते आणि टारहील नावाचा जादूगार वरून धपकन समोर पडून मरतो. त्याच्याजवळ उड्डाणाचे तीन स्क्रोल असतात: अ‍ॅक्रोबॅटिक्स १,००० ने वाढतं, पण ७ सेकंदच. उडी त्याहून लांब चालते, म्हणून तो मेला. तुम्ही जमिनीला टेकायच्या जरा आधी दुसरा स्क्रोल वापरा, वाचाल.

डिव्हिनिटीत चिकन क्लॉ या मंत्राने शत्रूची कोंबडी होते आणि ती सैरावैरा पळते. फक्त आधी त्याचं फिजिकल आर्मर (शारीरिक माऱ्यापासूनचं कवच) संपवावं लागतं. कोंबडी करण्याआधी रप्चर टेंडन्स हा वार केला असेल तर पळताना प्रत्येक पावलाला इजा होते. आणि सोबतीला अनडेड (मेलेला पण चालताफिरता) असेल तर बरं करणारा मंत्र त्याच्यावर टाकू नका, त्याने तो जखमी होतो.

बाल्डर्स गेट ३ चा विनोद संवादांत आहे. स्पीक विथ अ‍ॅनिमल्स हा रिच्युअल आहे, लढाईबाहेर स्लॉट लागत नाही, म्हणून रोज सकाळी लावूनच टाका. खारीपासून बैलापर्यंत सगळे बोलतात. स्पीक विथ डेडमध्ये प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात, पण ते आपल्या मारेकऱ्याशी बोलायला नकार देतं. डिस्गाइज सेल्फने चेहरा बदलून परत या, तेच प्रेत मुकाट उत्तरं देतं.

आणि पाचवा, नेटहॅक, १९८७ पासूनचा आणि फुकट. इथे मंत्राचं पुस्तक झेपलं नाही तर ते तुम्हाला भलतीकडे फेकतं किंवा सोनं पळवतं, सातव्या लेव्हलचं असेल तर तोंडावर फुटूही शकतं, कधी पुस्तकाचाच भुगा होतो. शिकलेलं २०,००० चालींनंतर विसरतं. ब्लेस्ड (आशीर्वाद असलेलं) पुस्तक कधीच फसत नाही, कर्स्ड (शापित) नेहमीच फसतं. म्हणून अनोळखी पुस्तक उघडण्याआधी वेदीवर टाकून बघा: पिवळसर चमक दिसली तर बिनधास्त वाचा, काळी दिसली तर तिथेच ठेवून पुढे चला.