कॅन्सर व्हॅक्सिनवर काम करायचंय: डीएनए घ्यायचं की एमआरएनए?

लॅबमध्ये नवीन आलेली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात, आणि विचारतानाच उत्तर ठरलेलं असतं, एमआरएनए. कोविडनंतर साहजिकच आहे म्हणा. पण थोडं थांबा.

दोन्ही लसी पेशीला कॅन्सरच्या एखाद्या प्रोटीनची (अँटिजेनची) कृती देतात, पेशी ते बनवते आणि इम्यून सिस्टिम ते ओळखायला शिकते. मूळ फरक एकच, बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. एमआरएनए पेशीच्या सायटोप्लाझममध्ये पोचला की झालं, प्रोटीन बनायला लागतं. डीएनएला त्यापुढे न्यूक्लियसमध्ये शिरावं लागतं आणि तिथेच घोडं अडतं. उंदराच्या स्नायूत प्लास्मिड (डीएनएचं छोटं गोल कडं, लसीचा जीन यातच असतो) नुसतं टोचलं तरी प्रोटीन बनतं हे १९९० मध्येच दिसलं होतं, पण उंदराचा स्नायू तो केवढा, माणसात तेवढ्याने भागत नाही. मग इलेक्ट्रोपोरेशन, म्हणजे डीएनए पेशीत शिरावा म्हणून टोचलेल्या जागीच विजेचे छोटे झटके, स्नायू आखडतो, दुखतं, आणि मशीन लागतं ते वेगळंच.

एमआरएनएचं दुखणं उलटं. आत सहज जातो पण नाजूक, लिपिडच्या कणात भरावा लागतो, डीप फ्रीझर आलाच. प्लास्मिड साध्या फ्रीजमध्ये निवांत पडून राहतं, ई. कोलाय बॅक्टेरियात हवं तेवढं वाढवा, अँटिजेन बदलायचा तर जीन बदलून परत क्लोनिंग, आणि सोबत आयएल-१२ चा (इम्यून पेशींना चेतवणाऱ्या प्रोटीनचा) जीनही देता येतो.

आता पेशंटमधले आकडे. व्हीजीएक्स-३१००, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपूर्व जखमांसाठीची डीएनए लस, फेज २ मध्ये ४९.५ टक्के बायकांमध्ये जखम मागे हटली, प्लासिबोत (खोट्या लसीच्या गटात) ३०.६ टक्के. छान, पण फेज ३ च्या मोठ्या ट्रायलमध्ये गाडी अडखळली. लिव्हर कॅन्सरमध्ये पर्सनलाइज्ड (त्या त्या पेशंटच्या गाठीवर बेतलेली) डीएनए लस अधिक पेम्ब्रोलिझुमॅब (इम्यून पेशींवरचा ब्रेक काढणारं औषध), ३६ पैकी ११ जणांच्या गाठी आकसल्या, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता, मग श्रेय लसीचं किती हे कसं सांगणार? एमआरएनएवाल्यांनी मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) १५७ पेशंटमध्ये नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब विरुद्ध लसीसकट अशी तुलना केली, आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी. ट्रायल छोटीच, पण बांधणी पक्की. (गंमत म्हणजे कुत्र्यांच्या मेलानोमासाठी डीएनए लस २०१० पासून लायसन्ससकट आहे, तिच्या उपयोगाबद्दल मात्र अजून वाद आहेत.)

पेप्टाइड लस, म्हणजे प्रोटीनचा तयार छोटा तुकडाच टोचणारी, विचारात असेल तर बनवायला सर्वात सोपी, पण छोटं पेप्टाइड ठरावीक एचएलए टाइप (इम्यून पेशींना असे तुकडे दाखवणाऱ्या प्रोटीनचा प्रकार) असलेल्या पेशंटलाच चालतं.

माझं मत, पेशंटपर्यंत लवकर पोचायचं असेल आणि फॉर्म्युलेशनवाली (लिपिडच्या कणात भरणारी) टीम हाताशी असेल तर एमआरएनए. उंदरात वीसेक अँटिजेन चाळून बघायचे असतील, बजेट बेताचं असेल, तर बिनधास्त डीएनए. फक्त तुलनेला रिकाम्या (लसीचा जीन नसलेल्या) प्लास्मिडचा गट ठेवाच, तोही झटक्यांसकट. आमच्याकडे एकदा त्याच गटातल्या गाठी जवळजवळ लसीइतक्याच मंदावल्या, तीन महिने आम्ही ज्याला लसीचा परिणाम म्हणत होतो तो बराचसा बॅक्टेरियाच्या डीएनएने आणि झटक्यांनी उठवलेला इम्यून गोंधळ निघाला.